खर्ज कुठे गेला?

इंदुरातल्या कुठल्याही कार-ॲक्सेसरीच्या दुकानात जा आणि गाडीतल्या स्टिरिओचा आवाज नीट येत नाही म्हणून सांगा. समोरचा मुलगा स्पीकरकडे बघणारसुद्धा नाही. त्याची नजर थेट डॅशबोर्डवर जाते आणि ठरलेलं वाक्य येतं, ‘‘भिया, ये डब्बा निकालो, दस इंच का एंड्रॉइड डाल देते हैं.’’ दहा इंच! आमच्या वाड्यात पहिला टीव्ही आला तो चौदा इंची होता आणि त्याच्यासमोर अख्खा वाडा मांडी घालून बसायचा.

पडद्यावर माझा राग नाही. पण ज्या गाडीसाठी मी विचारत फिरत होतो तिच्यात तो लावणं जिवावर येत होतं. गाडी जर्मन आहे, दोन सीटची, २००० च्या दशकातली, माझ्याकडे सेकंडहँड आलेली. छप्पर पत्र्याचं, बटण दाबलं की घडी होऊन डिकीत जातं आणि जाताना डिकीतली निम्मी जागा खातं. कंपनी कोणती हे मुद्दामच लिहीत नाही, कारण या वयाच्या सगळ्याच गाड्यांची दुखणी एका जातीची असतात आणि एकटीला बदनाम करण्यात अर्थ नाही. मध्यभागी मूळचा रेडिओ-सीडी आहे, फोनसारखी आकड्यांची बटणं असलेला. त्याची अक्षरं नारिंगी, मीटरची नारिंगी, एसीचीही तीच. रात्री छप्पर उघडं ठेवून चालवताना डोळ्यांवर काय येणार याचा कुणीतरी नीट विचार केला होता. त्यात निळ्या-जांभळ्या उजेडाची पाटी ठोकायची म्हणजे सागवानी देव्हाऱ्याला झिरमिळ्या लावण्यासारखं झालं असतं.

अशा गाड्यांचं वेड इंदूरला नवं नाही म्हणा. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेतून ड्यूसेनबर्ग एसजेची चॅसी घेतली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून उघडी बॉडी चढवून घेतली. आजही जगातल्या देखण्या गाड्यांमध्ये ती मोजतात. गाडीत रेडिओ बसवणं त्या काळात नुकतं सुरू झालं होतं. गॅल्व्हिन बंधूंचा पहिला मोटोरोला रेडिओ १९३० चा, युरोपात ब्लाउपुंक्टचा १९३२ चा. तेव्हापासून एक गोष्ट फारशी बदललेली नाही. गाडी बनवणारा आधी इंजिन, मग आसनं, मग छप्पर बसवतो आणि राहिलेल्या भोकांत स्पीकर कोंबतो. स्पोर्ट्स कारमध्ये तर भोकंही फार उरत नाहीत. मागची सीट नाही, मागची दारं नाहीत, छप्पर ठेवायला लागतं म्हणून मागे खोकं ठेवायलाही जागा नाही. जे काय करायचं ते दोन दारांत.

मला ऐकायचं काय होतं हे आधी सांगायला हवं, कारण त्यावरच पुढचं सगळं ठरतं. मला धमधम नको होती. मला ख्याल ऐकायचा होता. इंदूर घराणं ज्यांच्या गळ्यातून उभं राहिलं त्या उस्ताद अमीर खाँची गायकी ही स्टिरिओची सगळ्यात कठीण परीक्षा आहे, असं माझं मत आहे. अतिविलंबित लयीतला झूमरा ताल, दोन मात्रांच्या मधे हवं तेवढं अंतर आणि मंद्र म्हणजे खालच्या सप्तकात रेंगाळत राहणारा आलाप. त्यात लपायला जागाच नाही. सिनेमाच्या गाण्यात पन्नास वाद्यं असतात, स्पीकर फाटका असला तरी निभावून जातं. इथे एक आवाज, एक तंबोरा, एक सारंगी आणि तबला. माझ्या गाडीत खाँसाहेब मंद्रात उतरले की दिसेनासेच व्हायचे. पंचमाच्या खाली गेले की गाणं दाराच्या पलीकडून आल्यासारखं, आणि षड्जावर पोचेपर्यंत नुसता श्वास ऐकू यायचा.

रामबागेत आमच्या ओळखीचे एक काका आहेत. व्हॉल्व्हच्या रेडिओपासून हात घातलेला माणूस, आता दुकान बंद करून घरीच लोकांचे जुने ॲम्प्लिफायर दुरुस्त करत बसतात. त्यांना गाडी दाखवली. गाडीत बसायला त्यांना कमरेतून दोन हप्त्यांत वाकावं लागलं, तेवढ्यात माझा उद्धार करून झाला. बसल्यावर म्हणाले, ‘‘नुसता तंबोरा लाव.’’ लावला. त्यांनी डोळे मिटले नाहीत की मान डोलावली नाही. तळहात दारावर टेकवला आणि इंच-इंच सरकवत गेले. कोपराच्या खालच्या बाजूला हात थांबला. ‘‘इथे लाव हात.’’ मी लावला. प्लॅस्टिक चक्क थरथरत होतं. ‘‘तुझा खर्ज इथे चाललाय. डबा बिचारा पाठवतोय, दार खातंय.’’

याच्यामागचं गणित त्यांनी पाकिटाच्या मागे करून दाखवलं, ते मला फार आवडलं. पुरुष गायकाचा षड्ज पेटीच्या काळी एक पट्टीच्या आसपास धरा, म्हणजे सेकंदाला साधारण १३९ कंपनं. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९. हवेत ६९ कंपनांच्या लाटेची लांबी पाच मीटर भरते. आख्खी गाडीसुद्धा तेवढी लांब नाही. आता स्पीकरचा कोन पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. दाराच्या आतल्या पत्र्याला हात जाईल एवढाली भोकं असतात, काचेची यंत्रणा बसवायला ठेवलेली. कारखान्यात त्यांच्यावर पाणी अडवायला एक पातळ कागद चिकटवतात. मागची हवा त्या भोकांतून पुढे येऊन पुढच्या हवेला मिळते आणि दोघी एकमेकींना मारून टाकतात. तार सप्तकाच्या लाटा छोट्या, त्यांच्या लांबीच्या मानाने तो वळसा मोठा पडतो, त्या वाचतात. खर्ज मरतो.

मग लहानशा ट्रान्झिस्टरवर तंबोरा कसा कळतो, असं मी विचारलं. त्याच्या स्पीकरातून तर ६९ कंपनं निघणं शक्यच नाही. काकांचं उत्तर असं, की निघत नाहीतच. तंबोऱ्याच्या जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तार घासून येणाऱ्या झणकारामुळे, मूळ स्वरावर त्याची दुप्पट, तिप्पट, चौपट अशी स्वयंभू स्वरांची माळ तयार होते. ट्रान्झिस्टर वरची माळ देतो आणि कान खालचा हरवलेला मूळ स्वर आपणच भरून काढतो. हे सगळं मेंदूत घडतं आणि ध्वनिशास्त्रात त्याच्यावर भरपूर काम झालेलं आहे. पण घरात, शांततेत. गाडीत टायरची घरघर नेमकी खालच्या शे-दोनशे कंपनांत असते आणि ती ही माळच झाकून टाकते. मेंदूला भरायला काही उरतच नाही.

म्हणजे काम दोन बाजूंनी करायचं होतं. दार गप्प करायचं आणि स्पीकरला बळ द्यायचं.

बळाबद्दल दुकानदार जे सांगतात त्यात अर्धं खरं असतं, आणि हे शब्दशः म्हणतोय. खोक्यावर लिहिलेलं असतं ‘४ × ५० वॅट’. गाडी चालू असताना बॅटरीवर १४.४ व्होल्टच्या आसपास मिळतात. चार ओमच्या स्पीकरवर सगळेच्या सगळे टाकले, तर १४.४ चा वर्ग भागिले चार, उत्तर ५२ वॅट. पन्नास आले ते इथून. पण हा हिशेब चौकोनी लाटेचा आहे, म्हणजे आवाज पुरता फाटलेला असतानाचा. स्वच्छ सुराला त्याचे निम्मे, सव्वीस, आणि आतल्या ट्रान्झिस्टरांनी आपला वाटा घेतल्यावर विसाच्या आसपास. नव्या दहा इंची डब्यात हे बदलत नाही, कारण त्याच्याही मागे तीच बॅटरी आहे. याच्या वर जायचं तर वेगळा ॲम्प्लिफायर लागतो, जो आधी व्होल्टेज वाढवतो आणि मग आवाज. तोही चमत्कार नव्हे. वॅट दुप्पट केले की तीन डेसिबल वाढतात, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात. ॲम्प्लिफायरचा खरा फायदा मोठा आवाज नाहीच. खाँसाहेबांनी मधेच एखादी तान जोरात घेतली तर ती फाटत नाही, हा आहे.

कंपनीच्या सिस्टीमला मात्र सरसकट नावं ठेवू नयेत. अमर बोस नावाच्या एमआयटीच्या प्राध्यापकाने, ज्यांचे वडील बंगालमधून स्वातंत्र्यलढ्यातून निसटून अमेरिकेत गेले होते, १९८३ च्या मॉडेलच्या जनरल मोटर्सच्या काही गाड्यांसाठी प्रत्येक गाडीच्या आतल्या जागेनुसार वेगळा स्टिरिओ बनवला. गाडी हीच खोली, आणि खोलीप्रमाणे आवाज शिवायचा, हा विचार तिथून रुजला. ज्यांच्या जुन्या गाडीत अशी नाव लिहिलेली सिस्टीम असेल त्यांनी एक जपावं. त्यातले स्पीकर बऱ्याचदा दोन ओमचे किंवा त्याहूनही कमी असतात. तिथे बाजारातला चार ओमचा चांगला महाग स्पीकर लावला तर आवाज वाढायच्या ऐवजी मेल्यासारखा होतो, आणि मग लोक स्पीकरला शिव्या देतात.

माझी गाडी साधी, ॲम्प्लिफायर नसलेली. पण रेडिओच्या मागे एक गंमत निघाली. रेडिओ खेचून बाहेर काढला तर तांब्याच्या तारांच्या जुडग्याशेजारी एक नारिंगी, चिवट, पातळ दोरी. प्लग सोडवला, आणि दोरीच्या तोंडाशी गुंजेएवढा लाल ठिपका पेटलेला! त्या काळच्या बऱ्याच जर्मन गाड्यांत आवाजाचे संदेश प्लॅस्टिकच्या तंतूमधून लाल प्रकाशाने धावतात. मोस्ट नावाची ही पद्धत बीएमडब्ल्यूच्या २००१ च्या सेव्हन सिरीजपासून सुरू झाली. रेडिओ, सीडी चेंजर, फोन सगळे एका वर्तुळात. प्रकाश एकाकडून दुसऱ्याकडे आणि फिरून पहिल्याकडे. त्यातला एक जरी काढला किंवा तंतू अडीच सेंटिमीटरच्या गोलाईपेक्षा जास्त मुडपला, तर वर्तुळ तुटतं आणि सगळेच मुके होतात. ‘डब्बा निकालो’ म्हणणाऱ्या मुलाला हे ठाऊक नसतं, आणि मग गाडी दुकानात चार दिवस पडून राहते. काका त्या ठिपक्याकडे बराच वेळ बघत बसले. व्हॉल्व्हच्या फिलामेंटच्या नारिंगी उजेडात आयुष्य काढलेला माणूस. नंतर म्हणाले, ‘‘बंद कर ते. याला हात लावायचा नाही.’’

हात लावला नाही. रेडिओ जिथे होता तिथेच बसवला. त्याच्याकडून स्पीकरला जाणाऱ्या तारा मधे अडवून सीटखालच्या छोट्या ॲम्प्लिफायरमध्ये आणल्या. त्या ॲम्प्लिफायरमध्येच ब्लूटूथ आहे आणि आवाजाची घडण बदलायची सोयही. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही. कळू नये हीच अट होती.

तार घेताना काकांनी केलेला एक प्रकार सांगतो. जेल रोडवर दुकानदाराने जाडजूड, लालभडक वायर पुढे केली, स्वस्तही होती. काकांनी खिशातून ब्लेड काढून उघड्या टोकावरची एक तार खरवडली. वरून तांबूस, आतून चांदीसारखी पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अशी तार तेवढ्याच जाडीच्या शुद्ध तांब्याएवढा करंट वाहू शकत नाही आणि उन्हाळ्यात सांध्यावर तापते. दुकानदाराने न रागावता खालच्या फळीवरून दुसरी काढली. फ्यूज बॅटरीपासून हातभराच्या आत बसवला, कारण बॅटरी ते फ्यूज एवढ्या तुकड्याला कोणीच राखणदार नसतो.

दारं उघडायचा दिवस सगळ्यात मजेचा. या गाडीच्या काचांना वर चौकट नाही. दार उघडताना काच बोटभर खाली सरकते आणि लावल्यावर पुन्हा वर जाऊन रबरात बसते. बॅटरी सोडवली की हे बंद, म्हणून आधी काचा पूर्ण खाली. मग आतलं पॅनेल. क्लिपा एकेक करून टक् टक् सुटत येतात आणि प्रत्येक आवाजाला छातीत धस्स होतं, कारण या गाडीची क्लिप इंदुरात मिळत नाही. आत जुना स्पीकर. कोनाच्या कडेची मऊ गादी बोटाने नुसती दाबली तर काळा भुगा होऊन बोटाला चिकटली. हा फोमचा स्वभाव आहे. ऊन आणि दमट हवा खाऊन पंधरा-वीस वर्षांत तो विरतो, कुणीही बनवलेला असो.

भोकांवर ॲल्युमिनियमचा वर्ख असलेल्या ब्यूटिल रबराच्या शीट चिकटवल्या आणि लाकडी रुळाने दाबून दाबून बसवल्या. डांबरी शीट निम्म्या किमतीत मिळतात, पण मे महिन्यात इंदुरात बंद गाडीचा पत्रा एवढा तापतो की डांबर ओघळतं, वरून वास. दाराच्या तळाशी पाणी जायची बारीक भोकं असतात, ती तेवढी मोकळी सोडायची. ती बुजवली तर जुलैत दाराचा माठ होतो. मग स्पीकरसाठी जाड कडं आणि नवा साडेसहा इंची, वर आरशाजवळच्या तिकोनात वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर. काकांनी दार लावून बघितलं. आधी खण्ण वाजायचं, आता धप्प. ‘‘हे झालं काम,’’ म्हणाले. ॲम्प्लिफायर अजून जोडलासुद्धा नव्हता, नुसता जुन्या रेडिओवर तंबोरा लावला, आणि खर्ज हजर. पूर्ण नव्हे, पण ओळखू येण्याइतका. एकूण खर्चातला सगळ्यात स्वस्त भाग या चिकट शीट होत्या.

एफएमचीही परीक्षा घेतली, ती इंदूरकराला घ्यावीच लागते. मालवा हाउसमधून आकाशवाणी ऐकत वाढलेली आमची पिढी, आणि रेडिओ मिर्चीने आपलं पहिलं स्टेशन ऑक्टोबर २००१ मध्ये सुरू केलं ते याच गावात. नव्या वस्तू बसवल्या की एफएममध्ये खरखर शिरते. बहुतेक वेळा चोर निघतो तो सिगारेट-लायटरच्या भोकातला स्वस्त फोन चार्जर. माझ्याकडेही तोच निघाला.

छप्पर उघडल्यावर काय, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. उत्तर आनंददायक नाही. वाऱ्याचा आवाज वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढतो असं ढोबळ गणित आहे. म्हणजे ४० वरून ८० वर गेलं की अठरा डेसिबल. त्याला तोंड द्यायचं तर वॅट चौसष्टपट लागतील, पन्नासाच्या जागी तीन हजार दोनशे. त्यामुळे उघड्या छपराने सुपर कॉरिडॉरवर चाळिसाने जायचं आणि ख्याल ऐकायचा, किंवा मानपूरच्या घाटाकडे जायचं आणि इंजिन ऐकायचं. दोन्ही एकदम मागू नये. वेगाचीच हौस असेल तर पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आहे, तिथे स्टिरिओ कोण लावतो?

शेवटचं काम सूर जुळवण्याचं. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाडीत उजवा स्पीकर चालवणाऱ्याच्या गुडघ्याशी असतो आणि डावा त्याच्यापेक्षा अर्धा मीटर लांब. आवाजाला अर्ध्या मीटरला दीड मिलिसेकंद लागतात. ऐकायला क्षुल्लक, पण एका कानाकडून दुसऱ्या कानापर्यंत पोचायला आवाजाला जेमतेम पाऊण मिलिसेकंद पुरतो आणि तेवढ्यावरच मेंदू दिशा ठरवतो. त्यामुळे सगळं गाणं उजव्या दारातून येतं. ॲम्प्लिफायरमध्ये उजव्या बाजूला दीड मिलिसेकंद थांबायला सांगितलं आणि खाँसाहेब दारातून उठून स्टिअरिंगच्या बरोबर समोर, बॉनेटवर येऊन बसले. सारंगी थोडी डावीकडे. मी काकांकडे बघितलं, तर ते चक्क हसत होते.

बायकोला ऐकवायला सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाहून परतताना मुद्दाम लांबचा रस्ता घेतला. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘तुझ्याकडे येतंय वाटतं गाणं. माझ्याकडे नुसतं डाव्या कानात कुणीतरी गुणगुणतंय.’’ मी वेळेचं गणित समजावायला लागलो. ती म्हणाली, ‘‘गाडी बाजूला घे, मी चालवते, तू इकडे बस.’’ बसलो. खरंच होतं. माझ्या अर्ध्या मीटरच्या हिशेबात दुसऱ्या सीटवरच्या माणसाचं अंतर आणखीच वाढत होतं, आणि एकाच वेळी दोघांना बरोबर मध्यावर बसवणारी सेटिंग त्या छोट्या खोलीत असूच शकत नाही. काकांना फोन केला तर ते म्हणाले, ‘‘अरे, मग थांबवू नकोस कुणालाच. दोघांचं सारखंच थोडं बिघडू दे.’’

आता पहिल्या बटणावर ती बिघडलेली सेटिंग आहे. माझी दीड मिलिसेकंदाची दुसऱ्यावर. एकटा सुपर कॉरिडॉरला जातो तेव्हा ती लावतो आणि घरी गाडी लावायच्या आधी आठवणीने पहिली दाबतो.